बिबट्या सोडून सगळे हजर

आमच्याकडे बिबट्या दिसला की चर्चा पार्किंगची होते. बोरिवली पूर्वेला न राहणाऱ्या माणसाला हे पटायचं नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत एक बिबट्या रात्री पावणेतीनला गेटमधून आत आला, दोन स्कूटरच्या मधून अंग चोरून गेला आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे जंगलात उतरला. जेमतेम अकरा सेकंदांची क्लिप. सकाळी दूध यायच्या आत ती आमच्या ग्रुपवर होती. पहिली प्रतिक्रिया आली ती बी-विंगमधल्या निवृत्त बँक मॅनेजरांची. "ती पांढरी गाडी त्यांच्या व्हिजिटर पार्किंगमध्ये रात्रभर कोणाची उभी आहे?" दुसरी खजिनदारांची. "त्यांचा कॅमेरा बघा किती क्लिअर आहे. आणि आपला कितीला पडला?" तिसरीत नुसते जोडलेले हात होते, चौथीत गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. दुपारपर्यंत गाडीचा मालक सापडला. तो आमच्याच चौथ्या मजल्यावरच्यांचा जावई निघाला, त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं आणि ते गणपतीतल्या आरतीपर्यंत बंद राहिलं. बिबट्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. एवढं लांब नाव घ्यायला इथे कोणाला वेळ नाही, म्हणून सगळे नॅशनल पार्क म्हणतात. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल. एका अंगाला बोरिवली आणि गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि भांडुप, वर ठाणे. निकित सुर्वे या अभ्यासकाने 2015 साली जंगलात आणि आजूबाजूला कॅमेरे लावून इथले बिबटे मोजले तेव्हा ते 35 भरले. 2018च्या मोजणीत 47. आमच्या सर्वसाधारण सभेला 20 माणसांची गणपूर्ती लागते. ती आजवर झालेली नाही. दर वेळी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने तिथेच, त्याच सात माणसांत भरवावी लागते. पलीकडे 47 जण नोटीस न काढता हजर असतात.

कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पिताना सेक्रेटरींच्या मनात आलं की या शेजाऱ्यांशी आपली ओळख व्हायला हवी. राज्य सरकारने 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवलेला आहे, कारण 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस असतो आणि 12 तारखेला सालिम अलींचा. तो मुहूर्त साधून छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, समाजाला निसर्गाशी जोडण्याच्या उदात्त हेतूने 'आपले शेजारी वन्यजीव' हे प्रदर्शन आयोजित करण्यात येत आहे. छायाचित्रे आपल्याच परिसरातील असावीत. ज्या सभासदांकडे मेंटेनन्सची थकबाकी आहे, त्यांना निसर्गाशी जोडण्यात येणार नाही."

खाली संयोजक म्हणून माझं नाव होतं. मी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं.

"अहो, मला विचारलंत तरी का?"

"तुम्ही लेख लिहिता ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"म्हणजे दिवसभर घरीच असता."

फोटो काढायला कॅमेरा लागतो, हा मुद्दा त्यानंतर पुढे आला. माझ्या मोबाइलच्या फोटोत पक्षी आहे हे मला ठाऊक असायचं, पण बघणाऱ्याला ते बोट ठेवून दाखवावं लागे, आणि बोट ठेवलं की फोटो सरकून पुढचा विजेच्या बिलाचा येई. शेवटी मेहुण्याकडे शब्द टाकला. मेहुणा तिबोटी खंड्यावाला आहे. तिबोटी खंड्या हा चिमणीपेक्षाही किंचित लहान, अंगावर जगातले बहुतेक रंग घेऊन जन्मलेला पक्षी. पावसाच्या तोंडाला तो कर्नाळ्याच्या बाजूला घरटं करायला येतो, आणि त्याच्या मागोमाग मुंबईतून एवढ्या लेन्सा येतात की एखाद्या दिवशी त्याने बाहेर येऊन निवेदन वाचून दाखवलं तरी कोणाला नवल वाटणार नाही. मेहुण्याची लेन्स 600 एमएमची. ती त्याने दिली, पण देताना म्हणाला, "भावोजी, विश्वासाने देतोय. दमट जागी ठेवू नका, उन्हात ठेवू नका, आदळआपट करू नका. काही वाटलं तर रात्री-अपरात्री फोन करा." माझ्या सासऱ्यांनी मुलगी देताना यातलं एकही वाक्य उच्चारलं नव्हतं.

सोबत त्याने झाडपाल्याच्या छापाचं जाकीटही दिलं. जंगलात माणूस दिसू नये म्हणून ते घालतात. आमच्या घरापासून पार्कच्या गेटपर्यंत मात्र मोबाइलची दुकानं, नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक आणि मेट्रोचे खांब आहेत. त्या सगळ्यात मी अर्ध्या किलोमीटरवरून उठून दिसत होतो. फायदा एवढाच झाला की रिक्षावाल्याने नाही म्हटलं नाही. "मिलिटरी का, साहेब?" असं विचारून त्याने स्वतःहून मीटर टाकला.

सोमवारी पार्क बंद असतं. एरवी पहाटे गेटवर फिरायला येणाऱ्यांची झुंबड असते. यातले बरेचसे पासधारक. झाडांकडे पाहण्याचं कलम त्या पासात नसावं. इथे माणसं दोन गोष्टींसाठी येतात. एक, साखर उतरवायला, आणि दोन, रिडेव्हलपमेंटवर बोलायला. कॉर्पस किती, कार्पेट किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ. इथल्या चितळांनी इतक्या वर्षांत इतके करार कानाआड केले आहेत की कुठला बिल्डर अर्ध्यात सोडून जाणार, हे त्यांना चालीवरून कळत असेल. हास्यमंडळ आहे. ते एका विशिष्ट झाडाखाली मोजून हसतं. त्या झाडावर मी पक्षी पाहिलेला नाही.

मी उंबराच्या एका झाडाखाली थांबलो होतो. वर तांबट होता. हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि टुक्‌ टुक्‌ टुक्‌ असा एकसुरी आवाज. मी लेन्स वर केली. लेन्स वर केलेला माणूस दिसला की मुंबईत तो काय बघतोय हे बघायला एकजण थांबतो, आणि तो का थांबला हे बघायला चौघे.

"काय आहे वर?"

"तांबट."

"कोण तांबट?"

"पक्षी आहे हो."

"एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याला पक्षी?" त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. ते मागे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "सांगत नाहीयेत." मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं, "वर बसलाय." त्याच्या मागे हे पोहोचेपर्यंत 'दबा धरून' हे दोन शब्द वाटेत कुठेतरी लागले. हास्यमंडळ अर्धवट हसून आलं. एका बाईंनी मुलाला कडेवर घेतलं, एकांनी व्हिडिओ सुरू केला, आणि गर्दी हटवायला आलेला रक्षक माझं जाकीट बघून अदबीने म्हणाला, "साहेब, पिंजऱ्याची गाडी निघालीय का?"

तेवढ्यात माझ्याच खिशात फोन थरथरला. आमचाच ग्रुप. "नॅशनल पार्कमध्ये गेटजवळ झाडावर बिबट्या. वनखात्याचे वरिष्ठ अधिकारी घटनास्थळी दाखल." खाली माझ्या पाठीचा फोटो. पाठोपाठ हिचा फोन.

"अहो, तिकडे बिबट्या निघालाय म्हणे, सांभाळून या."

"अगं, तो मीच आहे."

"काय ते घरी आल्यावर सांगा. आणि कोथिंबीर आणा, पण आधी वास घेऊन."

घरी येऊन फोटो पाहिले. बहुतेकांत फांदी होती. काहींत फांदी आणि नुकतीच तिथून निघून गेलेली कोणीतरी व्यक्ती. एकात, मोठा करून पाहिला तर, शेपटी. सालिम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. 1883 सालची ही संस्था. तिथे मिलर्ड नावाच्या साहेबांनी चिमणी तर ओळखलीच, शिवाय कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले, आणि त्यातून पुढे 1941 साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' लिहिणारा माणूस तयार झाला. मलाही असा एखादा मिलर्ड हवा होता. मुलगा म्हणाला, "बाबा, आयनॅचरलिस्टवर टाका. जगभरातली माणसं ओळखून देतात, आणि दोघांचं जमलं की नोंद रिसर्च ग्रेडची होते." टाकला. रात्रीतून कोणा दूरदेशीच्या सद्‌गृहस्थांनी उत्तर दिलं, 'फायकस रेसमोसा'. म्हणजे उंबर. सकाळी दुसऱ्या एकांनी दुजोरा दिला. माझं झाड संशोधनाच्या दर्जाचं ठरलं. पक्ष्याबद्दल दोघांनीही मौन पाळलं.

इकडे प्रवेशिका येऊ लागल्या. एसीवर बसलेला पारवा, एसीवरून उठलेला पारवा, एसीवर पारव्याने केलेलं काम. घारीचे फोटो पुष्कळ, सगळ्यांखाली 'गरुड'. घारीला घार म्हणायला कोणी तयार नव्हतं. आमच्या टाकीवर बसतो तो पक्षी सामान्य असेल ही कल्पना सभासदांना सहन होत नाही. एका कुटुंबाने केनियातला सिंह पाठवला. 'आपल्याच परिसरातील' ही अट दाखवली तर म्हणाले, "आम्ही तिकडे आठ दिवस होतो की."

कारवीचाही एक फोटो होता. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. आमच्या पार्कात 2016 नंतर 2024 साली फुलली आणि डोंगरउतार जांभळे झाले. फोटोत आजी-आजोबा, दोन सुना, दोन जावई, नातवंडं आणि भिंतीवर टांगता येईल एवढी एक पिशवी होती.

"कारवी कुठे आहे?"

"आमच्या मागे."

"थोडं बाजूला होऊन काढला असता तर?"

"पुढच्या वेळी होऊ," आजोबा शांतपणे म्हणाले. पुढची वेळ 2032 सालची आहे.

आणि मग ज्याची वाट होती तो आला. बिबट्या. रात्रीची गल्ली, भिंतीवर पिवळसर उजेड, आणि घरांच्या मधल्या बोळातून निवांत चाललेला बिबट्या. पाठवणाऱ्यांनी खाली स्वतःचं नाव घातलं होतं. फोटो अप्रतिम होता, आणि तो अप्रतिम आहे हे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आमच्याआधीच ठरवलेलं होतं. नयन खानोलकरांचा हा फोटो 'द अ‍ॅली कॅट' या नावाने 2016च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. काढला आहे इथेच, आमच्या पार्काला लागून असलेल्या आरे कॉलनीत.

"अहो, हा नयन खानोलकरांचा आहे."

"असेल. मला फॉरवर्ड आला होता. मला वाटलं ज्याच्या फोनमध्ये आहे त्याचा."

सेक्रेटरींना मात्र हुरूप आला. आरेत काढता येतो तर आपल्या मागच्या भिंतीला काय झालंय? मी सांगितलं की खानोलकरांना त्या एका फोटोसाठी चार महिने लागले. त्यांनी दिवे असे लावले की गल्लीचा रोजचाच उजेड वाटावा. बिबट्याने चौकट व्यापू नये, तो त्या वस्तीचा एक भाग वाटावा, असा कॅमेरा ठेवला. तिथले वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि बिबट्या शेजारून गेला तर जाऊ देतात.

"म्हणजे पार्किंगचं विचारत नाहीत?" ही म्हणाली. सेक्रेटरींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"चार महिने नाहीत आपल्याकडे," ते म्हणाले. "रविवारपर्यंत बघा."

मुलाच्या कॉलेजातल्या निसर्गमंडळाकडे एक कॅमेरा ट्रॅप होता. जंगलात तो लावायला वनखात्याची परवानगी लागते. आम्ही आपल्या कंपाउंडात, आपल्याच भिंतीकडे तोंड करून लावला. समोरून काही ऊबदार हाललं की हा कॅमेरा आपोआप फोटो काढतो, आणि रात्री इन्फ्रारेडवर काढतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. बिबट्यांच्या मोजणीत असे दोन कॅमेरे वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर लावतात, कारण प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि डाव्या कुशीची उजवीशी जुळत नाही. आमच्याकडे एकच होता. आम्हाला एका कुशीवर भागवायचं होतं.

पहिल्या रात्रीचं कार्ड सकाळी लॅपटॉपला लावलं. मी, मुलगा आणि चहा घेऊन आलेली ही. मांजर. मांजर. तीच मांजर परतीच्या वाटेवर. मग अकरा वाजून दहा मिनिटांनी खजिनदार. गुढीपाडव्याला सिगारेट सोडली म्हणून अख्ख्या विंगमध्ये श्रीखंड वाटलेले खजिनदार, भिंतीला टेकून, डोळे चमकत असलेले, तोंडातून पांढरा झोत. पुढच्या फ्रेममध्ये सी-विंगच्या काकू. या आमच्या ओला-सुका कचरा समितीच्या अध्यक्षा. त्यांचा उजवा हात वर होता आणि हातातली काळी पिशवी त्या क्षणी भिंतीच्या बरोबर वर, हवेत होती. बाराच्या सुमाराला निवृत्त बँक मॅनेजर. जेवणानंतर साखर 240 असणारे. कुल्फी. त्यांच्या दोन्ही कुशी मिळाल्या, कारण ते दुसरी आणायला पुन्हा गेले. साडेबाराला खुद्द सेक्रेटरी, लेंग्यात, भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालताना. त्यांच्या डोक्यावर, त्याच फ्रेममध्ये, त्यांच्याच सहीची पाटी : 'भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू नये.'

वॉचमन एकाही फोटोत नव्हता. सेन्सर हालचालीवर चालतो.

आणि कॅमेरा चालू आहे की नाही हे बघायला मी रात्री पुन्हा पुन्हा गेलो होतो, त्याची नोंदही त्यात होती. माझ्या नाकपुड्यांचे इतके स्पष्ट फोटो आजवर कोणी काढले नव्हते. मुलाने वहीत तक्ता आखला : वेळ, दिशा, वर्तन. 'नर, प्रौढ, एकटा, कुल्फीसह.' ही म्हणाली, "बिबट्या यायचा तरी कधी? जागा कुठे आहे?"

सगळ्यात शेवटी, पहाटे पावणेचारला, भिंतीशेजारच्या पाइपवरून चढणारी एक लांब, काळसर शेपटी. उदमांजर.

बातमी कशी फुटली माहीत नाही. आमच्या घरात गुपितं राहत नाहीत, ती हिच्या बहिणीच्या घरी राहतात. त्या संध्याकाळी पहिली बेल खजिनदारांची.

"तो फोटो लागणार का हो प्रदर्शनात?"

"कुठला?"

"धुराचा."

"वन्यजीव आहेत का तुम्ही?"

"नाही, म्हणजे, धुकं आहे म्हणून सांगा ना. मागे जंगल आहे, पडतं धुकं."

काकू रव्याचे लाडू घेऊन आल्या. दिवाळी होऊन गेली होती. त्यांचं म्हणणं असं की त्या पिशवी टाकत नव्हत्या, कोणीतरी टाकलेली उचलत होत्या. "हवेतून?" मुलगा म्हणाला. त्याला मी आत पाठवला. बँक मॅनेजरांनी सरळ हिशेब घातला. "फोटो काढून टाका, मी तुमच्या पार्किंगचा विषय पुन्हा काढणार नाही." मला पार्किंग नाही, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या रात्री कॅमेऱ्यात काहीच आलं नाही. तिसऱ्या रात्रीही. मागची भिंत सुनसान. पलीकडे पडणाऱ्या पिशव्या बंद झाल्या, पिशव्यांवर येणारी कुत्री बंद झाली. 2011 साली पार्काने विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांना आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून हेच सांगितलं जातंय. कचरा टाकला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आमच्या सोसायटीतही अशी माहितीपत्रकं वाटली होती, आणि चांगल्या जाड कागदाची असल्यामुळे भेळेला उपयोगी पडली होती. 2018 साली काही परदेशी अभ्यासकांनी तर हिशेब मांडला की इथले बिबटे वर्षाला सुमारे 1500 भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कित्येक माणसांचे कुत्र्याचे चावे वाचतात. हे मी बँक मॅनेजरांना सांगितलं. "मग महापालिकेने बिबट्यांना मानधन द्यावं," ते म्हणाले, "पण टीडीएस कापून."

अंधारात एकट्याने जाताना मोठ्याने बोलावं किंवा मोबाइलवर गाणी लावावीत, हाही सल्ला त्याच उपक्रमातला. तो मात्र सेक्रेटरींनी मनावर घेतला. मोबाइलची बॅटरी जाते म्हणून ते स्वतःच गातात. नाट्यसंगीत, वरच्या पट्टीत, मागच्या गल्लीतून. त्यावर दोन सभासदांची लेखी तक्रार आली आहे. एकाने खाली 'बिबट्या चालेल' असं लिहिलं आहे.

प्रदर्शन स्टिल्टमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर भरलं. परीक्षक म्हणून वनखात्यातले एक निवृत्त अधिकारी आले. पारव्यांसमोरून ते शिस्तीत चालत गेले, गरुडांसमोर त्यांनी एक सुस्कारा सोडला, सिंहाकडे बघून "पाऊस कसा होता तिकडे?" असं विचारलं, आणि एकदम एका कोपऱ्यात खिळून उभे राहिले. पाचवीतल्या एका मुलीने बाथरूमच्या टाइलवरचा कोळी काढला होता. उडी मारणारा, मोठमोठ्या डोळ्यांचा, थेट भिंगात बघणारा. आईने झाडू उगारला होता आणि मुलगी मध्ये उभी राहिली होती, त्यामुळे फोटोच्या एका कडेला झाडूच्या चार काड्याही होत्या.

साहेब बोलायला लागले ते थांबेनात. आरेच्या नावावर विंचवाची एक जात शास्त्रात नोंदलेली आहे, लायकस आरेयेन्सिस. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात सापडलेल्या अशाच एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं, इसियस तुकारामी. घरातल्या कोळ्याकडे दुर्लक्ष करू नका, काय सांगावं!

मुलीची आई भारावली. "मग आमच्या बाथरूममधला नवीन निघाला तर त्याला कोणाचं नाव द्यायचं?"

"बिल्डरचं," मागून आवाज आला. "गळती त्यानेच ठेवलीय."

पहिलं बक्षीस कोळ्याला गेलं. कुरकुर झाली. आठ पायांना बक्षीस आणि आमच्या आख्ख्या कुटुंबाला काहीच नाही, असं कारवीवाले आजोबा म्हणाले. एवढ्यात गर्दी उदमांजराच्या फोटोपुढे जमली. "बिबट्याचं पिल्लू," एकाने ठरवलं. "मुंगूस," दुसऱ्याने. साहेबांनी नाव सांगितलं, ते फळं खातं, रात्री फिरतं, दिवसा छपराच्या पोकळीत झोपतं, आणि जगातली एक अतिशय महाग कॉफी याच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची होते, असंही सांगून बसले.

खजिनदार पुढे सरकले. "किती महाग?"

"पुष्कळ."

"आपलं हे कॉफी खातं का?"

"इथे कॉफी कुठे आहे?"

"लावता येईल. गच्चीवर कुंड्या रिकाम्याच आहेत."

गच्चीचं नाव निघाल्यावर लिफ्टच्या मेकॅनिकने आठवण करून दिली की मशिन-रूमच्या माळ्यावर काहीतरी राहतं, गेली दोन वर्षं, आणि आता बाळंतही झालेलं आहे. एकदम शांतता पसरली. सेक्रेटरींनी चष्मा लावला. त्याच आठवड्यात सभा बोलावली गेली आणि आमच्या इतिहासात पहिल्यांदा गणपूर्ती झाली. विषय क्रमांक एक : मशिन-रूममधील वास्तव्य. राहायला परवानगी कोणी दिली, ना हरकत पत्र आहे का, बाळंतपणाने वाढलेली संख्या पाणीपट्टीत धरायची की नाही. बँक मॅनेजर म्हणाले, मालक स्वतः राहत नसेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात. मशिन-रूमची मालक सोसायटीच, म्हणजे सोसायटीने सोसायटीला भरावेत, आणि उशीर झाला तर व्याजासकट. साहेबांचा निरोप आला की त्यांना हात लावू नका, कायद्याने संरक्षण आहे. त्यामुळे बाहेर काढणं बाद झालं. राहता राहिलं एकच, ते म्हणजे रीतसर नोंद.

"भाडेकरू म्हणून दाखवू," सेक्रेटरी म्हणाले. "पण मग पोलीस व्हेरिफिकेशन लागेल. अर्जाला फोटो लागतो. संयोजक, तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. पण मागून आलाय. शेपटीचा."

"मागून चालत नाही. समोरून हवा, दोन्ही कान दिसायला पाहिजेत. आणि पार्श्वभूमी पांढरी."

मी घरी येऊन मेहुण्याला फोन लावला, लेन्स अजून थोडे दिवस लागेल म्हणून सांगितलं. तो उत्साहाने म्हणाला, "भावोजी, म्हणजे काहीतरी मोठं सापडलंय! काय आहे?"

"भाडेकरू," मी म्हटलं. "पासपोर्ट साइज. दोन प्रती."